डाग बोलतो तेवढंच

फॉरेन्सिक शिकणाऱ्या मुलीला पाहुणे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला आवाज खाली आणून : ‘प्रेतं फाडायला लागतात का गं?’ दुसरा आवाज चढवून : ‘म्हणजे तू आता सीआयडीतल्या डॉक्टर साळुंख्यांसारखी?’ दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे आणि दोन्ही वेळा विचारणारा हिरमुसतो. प्रेत डॉक्टरांकडे जातं, ते न्यायवैद्यकाचं काम. आमच्या टेबलावर माणूस येतच नाही. येतो त्याचा शर्ट, उशीचा अभ्रा, एका पायातली चप्पल. विळा येतो, वरवंटा येतो, खुरप्याची मूठ येते. नखांची कात्रणं, कागदाच्या पुडीत चिमूटभर माती, एखादा केस. आणि टीव्ही मालिकेतले साळुंखे जाहिरातीआधीच्या प्रश्नाचं उत्तर जाहिरातीनंतर देऊन मोकळे होतात, तेवढ्या वेळात आमचं नोंदवहीत त्या शर्टाचं वर्णनसुद्धा पुरं होत नाही.

बी.एस्सी.ला माझा विषय प्राणिशास्त्र होता. बेडूक, गांडूळ, झुरळ यांच्या आकृत्या काढण्यात तीन वर्षं गेली. तिथे सगळे प्रश्न जगण्याचे असायचे : हा श्वास कसा घेतो, खातो काय, पिल्लं कशी वाढवतो. औरंगाबादला २००९ मध्ये सुरू झालेल्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत एम.एस्सी.साठी आले तेव्हा तेच जीवशास्त्र पुढे होतं, पण प्रश्न बदलले होते. जिवंत देह निघून गेलाय, मागे काहीतरी राहिलंय. जे राहिलंय ते काय आहे, कुणाचं आहे, किती वेळापूर्वीचं आहे? आणि सगळ्यांत अवघड प्रश्न : हे आपण कशाच्या जोरावर म्हणतोय?

पहिल्या प्रात्यक्षिकाला एक जुना पांढरा शर्ट समोर ठेवला होता. वर्णन लिहायचं होतं, एवढंच. शेजारच्या मुलाने लिहिलं, ‘शर्टाच्या उजव्या बाहीवर रक्ताचे डाग.’ मॅडमनी ‘रक्ताचे’ या शब्दाला लाल गोल केला. ‘रक्त आहे हे तुला कुणी सांगितलं?’ सगळा वर्ग हसला, कारण तो डाग रक्ताचा आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. मॅडम हसल्या नाहीत. ‘तांबूस तपकिरी डाग,’ त्या म्हणाल्या, ‘इतक्या सेंटिमीटर लांब, इतके रुंद, कापडाच्या बाहेरच्या बाजूने जास्त गडद. दिसतं ते लिहा. रक्त आहे की नाही हे अजून आपण डागाला विचारलेलं नाही.’

मग विचारायचं कसं, ते शिकवलं. फिनॉल्फ्थॅलीनचा रंग जस्ताच्या साहाय्याने घालवलेलं द्रावण, त्या आधी अल्कोहोलचा एक थेंब, आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड. डागावर हलकेच दाबलेल्या कापसाच्या बोळ्यावर हे थेंब क्रमाने टाकायचे. रक्त असेल तर शेवटच्या थेंबासरशी बोळा गुलाबी होतो. पहिल्यांदा तो रंग पाहिला की अंगावर काटा येतो, इतका तो ठाम वाटतो. पण खरा अभ्यास त्या रंगावर अविश्वास दाखवण्याचा असतो. पेरॉक्साइड टाकण्याआधीच बोळा गुलाबी झाला तर गडबड दुसऱ्याच कुठल्या रसायनाची. मिनिटभर थांबून मग गुलाबी झाला तर ते हवेचं काम, त्याला अर्थ नाही. आणि अगदी वेळेवर झाला तरी बटाट्यासारख्या काही भाज्यांतली एन्झाइमंही हाच खेळ करू शकतात. म्हणून या चाचणीनंतर लिहायचं ते इतकंच : रक्त असण्याची शक्यता आहे, पुढे तपासावं. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली ताकायामा चाचणीतले गुलाबी स्फटिक दिसले तर ‘रक्त आहे’ म्हणायची परवानगी. माणसाचं आहे असं मात्र अजूनही म्हणायचं नाही.

कारण पुढची पायरी तीच. आमच्याकडे आरोपीचं ठरलेलं म्हणणं असतं : ‘साहेब, बोकड कापला होता.’ गावात जत्रा असतात, घरात पाहुणचार असतो, त्यामुळे ते खरंही असू शकतं. १९०१ पर्यंत या म्हणण्याला विज्ञानाकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षी जर्मनीत पाउल उलेनहुट याने दाखवलं, की सशाच्या शरीरात एखाद्या प्राण्याची प्रथिनं टोचली तर सशाच्या रक्तद्रवात फक्त त्याच प्राण्याच्या रक्ताला ओळखणारा घटक तयार होतो. दोन्ही एकत्र आले की साका बसतो. बाल्टिक समुद्रातल्या र्‍यूगन बेटावर दोन लहान मुलांच्या खुनाचा संशय लुडविग टेसनॉव या सुतारावर होता. कपड्यांवरचे डाग लाकडाच्या रंगाचे आहेत असं तो सांगत होता. उलेनहुटने एकेक डाग तपासला. काही मेंढीच्या रक्ताचे निघाले, काही माणसाच्या. त्या बेटावर काही दिवसांपूर्वी कुणीतरी मेंढ्याही कापून टाकल्या होत्या. मला या गोष्टीत आवडतं ते असं, की उलेनहुटने सगळ्या डागांना मिळून एक उत्तर दिलं नाही. प्रत्येक डागाला वेगळं विचारलं आणि मेंढीच्या डागाला मेंढीचाच राहू दिला.

रक्तगटांचा भाग आता अभ्यासक्रमात जवळजवळ इतिहास म्हणून शिकवतात. डीएनए आल्यापासून डागाचा ए-बी-ओ गट काढायची फारशी गरज उरली नाही. तरी मला तो भाग महत्त्वाचा वाटतो, कारण काही दशकं आपल्या कोर्टांत ‘आरोपीच्या कपड्यावर मयताच्या गटाचं रक्त’ हे वाक्य फार वजनदार होतं. आपल्याकडे बी गटाची माणसं ढोबळमानाने तिघांत एक. म्हणजे कपड्यावर बी गटाचं रक्त सापडलं तर भरलेल्या एसटीत पंधरा-वीस माणसं सहज जुळतील. जुळणं खरं असतं, पण त्या जुळण्याचा अर्थ किती, हे सांगितल्याशिवाय ते अर्धवट राहतं.

याच भागात मुंबईचा एक धडा येतो. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली, जगभर तो आजही बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखला जातो. या माणसांच्या रक्तपेशींवर ए नसतो, बी नसतो आणि ओ गटाच्या माणसांवर असतो तो एच घटकही नसतो. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एखादा माणूस असा. आता अशा माणसाचं रक्त वाळून कापडावर राहिलं आहे असं धरा. जुन्या पद्धतीने तपासलं तर ए-ला प्रतिसाद नाही, बी-ला नाही, एच-लाही नाही. उन्हापावसाने पूर्ण खराब झालेला डागही नेमका हेच उत्तर देतो. म्हणजे दहा हजारांतली दुर्मीळ खूण आणि वाया गेलेला नमुना टेबलावर एकसारखेच दिसणार. दुर्मीळ ते आपोआप चमकून उठतं अशी आपली एक भाबडी समजूत असते. ती माझ्यापुरती त्या तासाला संपली.

डाग खराब होतो म्हणजे काय, हे मला पुस्तकाआधी मामांकडून कळलं होतं. मामा पोलिसात हवालदार. काही वर्षं त्यांच्याकडे ठाण्याचा मुद्देमाल होता, म्हणजे जप्त केलेल्या वस्तू सांभाळायच्या, रजिस्टरला चढवायच्या, लाखेचं सील बघायचं आणि तारीख मिळाली की पार्सलं घेऊन ‘सी.ए.’ला जायचं. सी.ए. म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर. प्रयोगशाळेचं नाव कितीही बदलो, पोलिसांच्या तोंडी तेच आहे. एसटीच्या सीटवर मांडीवर पार्सल घेऊन रात्रभर जागणारे मामा मी लहानपणी पाहिले आहेत. लघवीला उतरायचं तरी पार्सल बगलेत.

सुट्टीत घरी आले तेव्हा मी त्यांना नव्या नवलाईने सांगायला लागले, की ओले कपडे प्लॅस्टिकमध्ये घालू नयेत. सावलीत वाळवावेत, प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावी, नाहीतर बुरशी आणि जिवाणू दोन दिवसांत डीएनए खाऊन टाकतात.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘पोरी, श्रावणातला पाऊस. नाल्याकाठी बॉडी. लाइट गेलेली. पंच म्हणतात आम्हाला सोडा, घरी गुरं आहेत. साहेब म्हणतात आजच्या आज सील कर. ठाण्यात एक खोली, तिला वरून गळती. तू सांग, वाळवायचं कुठं?’

मला उत्तर सुचलं नाही. ‘पण मामा, त्या पिशवीत...’

‘माहीत आहे मला. उघडली की वासानंच कळतं. तिकडून कागद येतो, निष्कर्ष काढता आला नाही. मग कोर्टात वकील मलाच विचारतो, हवालदार, माल नीट ठेवला होता का?’

विद्यापीठात आम्ही पुराव्याची साखळी नावाचं प्रकरण शिकलो : घटनास्थळापासून साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली, प्रत्येक टप्प्यावर सही, तारीख, सील. परीक्षेत दहा गुणांना येतं. त्यात गळक्या खोलीचा उल्लेख नसतो. पण डागाचं बोलणं ज्या ठिकाणी सगळ्यांत जास्त वेळा तुटतं, ती जागा प्रयोगशाळेच्या दाराच्या बऱ्याच अलीकडे असते, हे मला मामांमुळे विसरता आलं नाही.

दुसऱ्या वर्षी कीटक आले. हा भाग ज्यांना जमतो त्यांना फार जमतो, बाकीच्यांचं जेवण सुटतं. खाटकाकडून काळीज आणायचं, जाळीच्या पिंजऱ्यात गच्चीवर ठेवायचं आणि वाट पाहायची. फार पाहावी लागत नाही. हिरव्या-निळ्या चकचकीत माश्या कुठून येतात कळत नाही, पण येतात, आणि मांसाच्या घडीत अंडी घालून जातात. अंड्यातून अळी, अळीच्या तीन अवस्था, मग ती मांस सोडून कोरडी जागा शोधते, कोष करते, कोषातून माशी. हे सगळं तापमानावर चालतं. मराठवाड्याच्या मे महिन्यात जी अळी भराभर फुगते, तीच जानेवारीच्या रात्री जागच्या जागी थबकल्यासारखी वाटते. म्हणून अळीचं वय नुसत्या तासांत मोजत नाहीत; किती तास किती उष्णता मिळाली याचा हिशेब करतात. आमच्या नोंदवह्यांत दर काही तासांनी घेतलेल्या तापमानाचे रकाने असायचे आणि कपड्यांना असा वास, की मेसमध्ये आमचं टेबल आपोआप रिकामं व्हायचं.

माश्यांवरून गुन्हा उकलल्याची सगळ्यांत जुनी लिखित गोष्ट चीनमधली. सुंग त्सि या न्यायाधिकाऱ्याने १२४७ साली मृत्यूच्या तपासावर ग्रंथ लिहिला, त्यात ती आहे. एका खेड्यात विळ्याचे वार करून खून झाला. तपास करणाऱ्याने गावातल्या सगळ्यांना आपापले विळे आणून जमिनीवर ठेवायला सांगितलं. विळे सगळे स्वच्छ दिसत होते, पण माश्या एकाच विळ्यावर जमल्या. त्याच्या मालकाने गुन्हा कबूल केला. वर्गात ही गोष्ट ऐकून सगळ्यांना आनंद झाला. मॅडमनी तो टिकू दिला नाही. ‘माश्यांनी काय सांगितलं?’ त्यांनी विचारलं. ‘या विळ्यावर रक्तमांसाचा अंश आहे. कुणाचा, ते सांगितलं का? विळा त्या दिवशी कुणाच्या हातात होता, ते?’ अळ्यांचंही तसंच. अळीचं वय कळलं म्हणजे माशी केव्हा पोचली ते कळतं. माणूस त्याआधी केव्हातरी गेला, निदान इतक्या वेळापूर्वी. प्रेत खोलीत बंद असेल, गोधडीत गुंडाळलेलं असेल, तर माशीला उशीर होतो. ‘निदान’ हा शब्द आमच्या अहवालांत मिठासारखा लागतो. कमी पडला तर सगळं बिघडतं.

या सगळ्या प्रात्यक्षिकांची एक सवय अंगात मुरते. घरी भाजी चिरताना मिरचीचं बी बोटावर घेऊन बघायची खोड मला तेव्हा लागली. धोतऱ्याचं बी आणि मिरचीचं बी यांतला फरक ओळखणं हा आमच्या तोंडी परीक्षेतला नेहमीचा प्रश्न. प्रवाशाला धोतरा खिलवून लुटण्याचे प्रकार आपल्या देशात जुने आहेत. धोतऱ्याचं बी तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचं, पृष्ठभागावर बारीक खड्डे. मिरचीचं पिवळट, गोलसर आणि बरंचसं गुळगुळीत. भिंग हातात असेल तर फरक सोपा आहे. जेवणाऱ्याच्या ताटात भिंग नसतं.

डीएनएकडे आम्ही सगळे पहिल्या दिवसापासून डोळे लावून होतो. तो भाग शेवटी येतो आणि त्याची सुरुवात इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात होते. १० सप्टेंबर १९८४ च्या सकाळी अ‍ॅलेक जेफ्रीज यांना एका क्ष-किरण फिल्मवर पट्ट्यांचे असे नमुने दिसले, की प्रत्येक माणसाचा वेगळा आणि तरी आईवडिलांशी नातं सांगणारा. लेस्टरजवळच्या नारबरो परिसरात १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींवर अत्याचार करून त्यांचे खून झाले होते. पोलिसांनी १७ वर्षांच्या एका मुलाला पकडलं. त्याने दुसऱ्या खुनाची कबुली दिली, पहिल्याची देईना. दोन्ही त्यानेच केलेत हे सिद्ध करून द्या, म्हणून पोलीस जेफ्रीजकडे गेले. नमुने तपासले तेव्हा दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे निघाले, आणि तो माणूस हा मुलगा नव्हता. त्यानंतर आसपासच्या सुमारे पाच हजार पुरुषांचे नमुने घेतले गेले. खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क याने त्यातही आपल्याऐवजी दुसऱ्याला पाठवलं होतं. त्या दुसऱ्याने ते दारूच्या गुत्त्यात बोलून दाखवलं म्हणून पिचफोर्क सापडला. १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी पिचफोर्क सापडल्याची म्हणून सांगतात. मला ती त्या मुलाची वाटते. फौजदारी तपासात डीएनएने पहिल्यांदा तोंड उघडलं ते ‘हा नाही’ म्हणायला, आणि तेही कबुलीजबाबाच्या विरोधात. या विषयाचा सगळा कणा त्यात आहे. नमुने जुळले नाहीत आणि नमुना धड असेल, तर आम्ही ठामपणे नाही म्हणू शकतो. जुळले तर मात्र आकडा सांगावा लागतो : कुठलाही एक अनोळखी माणूस असाच जुळण्याची शक्यता इतकी. आजच्या पद्धतीत वीसेक ठिकाणं एकाच वेळी तपासतात, त्यामुळे तो आकडा इतका लहान येतो की वाचणाऱ्याला तो खात्रीच वाटतो. पण तो आकडा डागाविषयी बोलतो. डाग तिथे कसा आला, केव्हा आला, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

आणि कधीकधी तो भलत्याच माणसाविषयी बोलत असतो. १९९३ पासून जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समध्ये चाळीसेक घटनास्थळी एकाच अनोळखी बाईचा डीएनए सापडत गेला. घरफोडीत ती, खुनात ती. २००७ मध्ये हायलब्रॉन शहरात एका तरुण पोलीस अधिकारी स्त्रीची हत्या झाली, तिथेही ती. तीन लाख युरोंचं बक्षीस लागलं. २००९ मध्ये उलगडा झाला : नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्या जिथे तयार होत, तिथल्या कामगार बाईचा तो डीएनए होता. काड्या निर्जंतुक होत्या. पण जंतू मारले म्हणून डीएनए जात नाही. प्रत्येक प्रयोगशाळेतलं यंत्र बरोबर चाललं होतं आणि प्रत्येक अहवालातलं जुळणं खरं होतं. चुकीचं होतं ते त्या जुळण्यावर रचलेलं कथानक. एक बाई देशोदेशी खून करत हिंडते आहे हे मानायला कोवळं पोरही तयार झालं नसतं; तज्ज्ञ झाले, कारण आकडा लहान होता.

शेवटच्या सहामाहीत आमचं खोटं कोर्ट भरायचं. बाहेरून एक वकील यायचे, आम्ही एकेकाने साक्षीदार म्हणून उभं राहायचं. माझ्या वेळी त्यांनी गोड आवाजात विचारलं, ‘मॅडम, तुमचा अहवाल म्हणतो नमुना आरोपीशी जुळला. म्हणजे हे रक्त आरोपीचंच, बरोबर?’ ‘हो’ म्हणणं जिभेच्या टोकावर असतं, कारण ‘हो’ म्हटलं की सुटका होते. आकडा सांगून मी थांबले. त्यांनी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. मग चिडून विचारलं. मग माझ्या शिक्षणावर शंका घेतली. हे सगळं परीक्षेचा भाग आहे हे माहीत असूनही कानशिलं तापतात. नंतर त्यांनीच सांगितलं, की २०१९ च्या पट्टू राजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डीएनएचा अहवालही इतर तज्ज्ञांच्या मतासारखं एक मतच मानला आहे. त्याचं वजन किती, हे त्या खटल्यातल्या बाकीच्या पुराव्यासोबत पाहून न्यायाधीशाने ठरवायचं. ‘तुम्ही दोषी ठरवायला निघालात,’ ते म्हणाले, ‘की तुमची साक्ष आम्हाला फोडायला सोपी.’

आता या विषयाला बरे दिवस येत आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. राज्यांना त्याची तयारी करायला पाच वर्षांपर्यंत मुभा आहे. म्हणजे श्रावणातल्या त्या नाल्याकाठी आता मामांसारख्या हवालदाराबरोबर कुणीतरी शिकलेला पोरगा किंवा पोरगी उभी असेल. माणसं लागतील, गाड्या लागतील, यंत्रं लागतील, आणि मुख्य म्हणजे कपडे वाळवायला न गळणारी खोली लागेल. यंत्र चालवायला शिकणं फार अवघड नाही, आणि खोलीही मनावर घेतलं तर बांधून होते. शिकवायला वेळ लागतो तो दुसऱ्या गोष्टीला. गावात सगळ्यांना गुन्हेगार कोण ते ‘माहीत’ असतं, फौजदारावर वरून दबाव असतो, मयताची आई ठाण्याच्या पायरीवर बसलेली असते, आणि हातातला डाग फक्त ‘माणसाचं रक्त’ एवढंच सांगत असतो. अशा वेळी तेवढंच लिहून खाली सही करता आली पाहिजे. आईला ते उत्तर अपुरं वाटेल, आणि तिचं काही चुकणार नाही. पण दुसऱ्या कुठल्या तरी ठाण्यात कबुली देऊन बसलेल्या सतरा वर्षांच्या पोरालाही एक आई असते, आणि तिच्यासाठी या विषयाकडे देण्यासारखं एवढं एकच आहे.